माळा रिकामा करताना : काय राखावं, काय मोडीत द्यावं, आणि खर्च किती

घर रंगवायला काढलं किंवा सोसायटी पुनर्विकासाला गेली की माळ्यावरचं सगळं खाली येतं. लुगड्यांची गाठोडी, पितळी पातेली, कापसाच्या गाद्या, सागवानी कपाट, बंद पडलेला टीव्ही. निर्णय दोन दिवसांत घ्यायचा असतो आणि भंगारवाला दारात उभा असतो. अशा घाईत जे जातं त्यातलं बरंचसं पुन्हा त्या किमतीत मिळत नाही. आणि ‘कधीतरी याचं काहीतरी करू’ म्हणून जे मागे ठेवलं जातं त्यातलं बरंचसं ठेवण्याच्या लायकीचं नसतं.

माझं म्हणणं असं की वस्तू किती जुनी आहे हे न बघता ती कशाची आहे ते बघावं. सुती कापड, पितळ, तांबं, सागवान, चांगला कापूस हा माल आज नव्याने घ्यायला महाग आहे, म्हणून त्यावर मजुरी खर्च करणं परवडतं. भुशाच्या दाबीव फळ्यांचं फर्निचर, फोमच्या उशा, पातळ पत्र्याची भांडी यांवर घातलेली मजुरी वाया जाते. माल आधीच संपलेला असतो.

इथले दर पुणे, मुंबई, नाशिक या पट्ट्यातले, अंदाज यावा म्हणून दिलेले आहेत. धातूचे भाव रोज हलतात आणि मजुरी पेठेगणिक बदलते. खर्च करण्याआधी तीन आकडे कागदावर मांडावेत : मोडीत काय मिळेल, दुरुस्तीला काय लागेल, आणि त्याच मालाची, त्याच वजनाची नवी वस्तू केवढ्याला येईल. तिसरा आकडा ठरवताना बाजारातली सर्वांत स्वस्त वस्तू धरू नये, तिथेच हिशोब फसतो.

लुगडी आणि गोधडी

एका माणसाच्या गोधडीला, म्हणजे साधारण पाच बाय सात फुटांच्या, चार ते पाच सुती साड्या लागतात. नऊवारी असतील तर तीनही पुरतात. वजन दोन-अडीच किलो भरतं. हाताने शिवून घ्यायची मजुरी 800 ते 2,000 रुपये. टाका किती बारीक आणि ओळी किती जवळ यावर ती ठरते. मशीनवर शिवलेली 300 ते 600 मध्ये होते. दोरा आणि वरचं नवं कापड धरून आणखी दोन-तीनशे. हातशिलाईची तयार गोधडी दुकानात घ्यायला गेलं तर अडीच-तीन हजारांच्या खाली सहसा मिळत नाही, आणि तिच्या पोटात कोणतं कापड आहे हे कळायला मार्ग नसतो.

मशीनची गोधडी स्वस्त असली तरी मी हातशिलाईचीच शिफारस करेन, आणि ती हौसेपोटी नाही. मशीनचा टाका घट्ट असतो. थर एकमेकांना आवळून बसतात, गोधडी ताठ होते आणि धुतल्यावर जुनं कापड टाक्याच्या रेषेवर फाटतं. हाताचा धावदोरा सैल असतो. धुताना थर थोडे सरकतात, पुन्हा जागेवर येतात. गोधडी मऊ पडते ती त्यामुळे.

शिवायला देण्याआधी एक काम घरी करावं. प्रत्येक साडी उजेडासमोर धरून बघावी. कापड विरलेलं असेल तर ती साडी आतल्या थरात जाईल. दोन बोटांत धरून ताणल्यावर चर्र आवाज करत फाटत असेल तर तिला गोधडीत घालूच नये, ती पहिल्या धुण्यात आतल्या आत गोळा होते. मजबूत साड्या वर आणि खाली. नवा रंग असलेलं कापड आधी एकदा मिठाच्या पाण्यातून काढावं, नाहीतर लाल काठ पांढऱ्या लुगड्यावर उतरतो. हे सगळं शिवणाऱ्या बाईंवर सोडलं तर त्यांचा अर्धा दिवस जातो आणि तो मजुरीत धरला जात नाही. मजुरीची घासाघीस करू नये असं मला मनापासून वाटतं. एक गोधडी म्हणजे कित्येक दुपारी वाकून घातलेले हजारो टाके असतात.

नायलॉन आणि जॉर्जेटच्या साड्या गोधडीत घालू नयेत. घाम शोषत नाहीत, थर घसरतात. त्यांच्या बाजाराच्या पिशव्या शिवून घ्याव्यात, नगाला 30 ते 60 रुपये मजुरी पडते आणि पिशवी लवकर वाळते. नाहीतर त्या भांडीवालीला द्याव्यात. जुन्या कपड्यांवर स्टीलचा डबा किंवा पातेली देणाऱ्या या बायका ते कपडे धुऊन, डागडुजी करून पुढे बाजारात विकतात, म्हणजे कापड खरंच पुन्हा वापरात येतं. त्यांच्यासाठी बटणं काढून ठेवू नयेत. बटणं असलेल्या शर्टाला भाव येतो.

जुना शालू किंवा पैठणी असेल तर कात्री लावण्याआधी जरी तपासून घ्यावी. जुन्या साड्यांत कधी कधी चांदीची, सोन्याचा मुलामा दिलेली खरी जर असते आणि जर विकत घेणारे व्यापारी ती वजनावर घेतात. जरीचा धागा नखाने खरवडल्यावर आत तांबूस धातू दिसला तर ती चांदीची नव्हे. खरी निघाली तर एकाच दुकानी न विकता दोन-तीन ठिकाणी भाव काढावा. ‘साडीचे इतके’ असा ठोक भाव सांगणाऱ्याला साडी दाखवूही नये.

पितळ, तांबं आणि कल्हई

सर्वांत जास्त पैसे इथे बुडतात. तीन किलोचं जाड पितळी पातेलं धरू. मोडीचा भाव किलोला 400 ते 500, म्हणजे हातात साधारण बाराशे-पंधराशे, त्यातूनही दुकानदार घट कापणार. तेवढ्याच वजनाचं नवं पातेलं घ्यायला गेलात तर किलोला 900 ते 1,200 प्रमाणे तीन हजारांच्या आसपास जातात. आणि तेच पातेलं कल्हई करून वापरात आणायचा खर्च 300 ते 600. लहान भांडं असेल तर 100 ते 200. तांब्याच्या बंबाला किंवा अंघोळीच्या घंगाळाला कल्हईची गरजच नाही, चिंच-मिठाने घासलं की काम झालं.

कल्हईची मजुरी वाढली म्हणून लोक कुरकुरतात. पण कथील हा धातूच पितळापेक्षा कित्येक पटींनी महाग आहे. भट्टीचा कोळसा, नवसागर आणि माणसाचा वेळ वेगळा. फार स्वस्तात कल्हई करून देतो म्हणणाऱ्याबद्दल एक शंका मात्र घ्यावी, ती म्हणजे कथलात शिसं मिसळल्याची. शिसं स्वस्त असतं, तेही चकाकतं आणि अन्नातून पोटात गेलेलं शिसं, विशेषतः लहान मुलांच्या, मेंदूला इजा करतं. तपासायची जुनी युक्ती आहे. शुद्ध कथलाची कांडी कानाजवळ धरून वाकवली की बारीक करकर ऐकू येते. शिसं मुकाट वाकतं. ‘काका, कांडी जरा वाकवून दाखवता का?’ असं विचारायला संकोच करू नये. कसबी कारागीर ती हसत दाखवतो.

समोर बसून कल्हई करून घ्यावी. भांडं आधी नीट साफ केलं पाहिजे. आत काळा डाग राहिला की तिथे कथील धरत नाही. मग भांडं भट्टीवर तापवायचं, नवसागराची चिमूट टाकायची, पांढरा धूर निघतो, कांडी टेकवली की कथील वितळून पसरतं आणि कापसाच्या बोळ्याने ते एका झपाट्यात सगळीकडे फिरवायचं. धुराच्या वेळी मुलांना लांब ठेवावं. पाण्यात बुडवून काढल्यावर भांड्याचा गळ्याकडचा भाग बघावा, कंटाळा तिथे केला जातो.

कल्हई असलेल्या भांड्यात आमटी, सार, भात, चहा निर्धास्त करावं. कथील 232 अंश सेल्सिअसला वितळतं, म्हणून रिकामं पातेलं आचेवर ठेवू नये आणि तळणही त्यात करू नये. तारेच्या घासणीऐवजी काथ्या किंवा मऊ घासणी वापरावी. रोज वापरलं तर काही महिन्यांनी पुन्हा पितळ डोकावतं. तेव्हा ताक किंवा कोकमाचं सार त्यात ठेवणं थांबवावं, नाहीतर ते कळकतं. पुन्हा कल्हई करून घ्यावी लागते, त्यासाठी वर्षाकाठी पाऊण ते एक हजार रुपये धरून ठेवा. रोज वापरणार नसाल तर हा खर्च करू नये, भांडं पुसून ठेवावं.

पोचे आलेली हंडी-घागर सरळ करून घ्यायची असेल तर पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीत चौकशी करावी. मठारकाम, म्हणजे हातोडीने ठोकून पत्रा ताठ करण्याची कला, तिथल्या तांबटांच्या हातात पिढ्यान्‌पिढ्या आहे. झाडं लावायला हंड्याला भोक पाडण्याची चाल अलीकडे दिसते. ते करू नये. भोक पाडलेला हंडा पुढे फक्त भंगाराच्या भावात जातो. प्लॅस्टिकची कुंडी आत ठेवली की हंडाही शाबूत राहतो आणि पितळालाही माती लागत नाही.

गादी

कापसाची एकेरी गादी साधारण आठ ते बारा किलोची. पिंजून, नवं कापड घालून, टाके मारून 1,200 ते 2,000 रुपयांत नव्यासारखी होते. याच वजनाची नवी गादी 3,000 ते 4,500 च्या घरात जाते. पिंजाऱ्याकडे द्यायच्या आधी गादीचं वजन करावं आणि परत आल्यावर पुन्हा करावं. धूळ आणि सरकीचा चुरा जाऊन किलोभर घट येणं रास्त आहे. त्याहून जास्त कमी भरली तर विचारावं. वजन बरोबर असूनही कापूस करडा आणि आखूड धाग्याचा वाटला तर तो बदललेला आहे. म्हणून अंगणात किंवा गच्चीवर येऊन पिंजणारा मिळाला तर शंभर-दोनशे जास्त देऊन त्यालाच बोलवावं. ओल लागलेली, कुबट वास मारणारी गादी पिंजून उपयोग नाही. सावरीच्या कापसाच्या उश्या पिंजू नयेत, फक्त खोळ बदलावी.

लाकूड

सागवानी कपाटाचं पॉलिश चौरस फुटाला 80 ते 200 रुपये. दोन दारांच्या कपाटाचे सगळे पृष्ठभाग धरून साठेक चौरस फूट भरतात, म्हणजे पाच ते बारा हजार. आकडा मोठा वाटतो, पण तेवढ्या सागवानाचं नवं कपाट आज चाळीस हजारांच्या पुढे जातं. दर ठरवताना जुनं पॉलिश खरवडणं, कागद मारणं आणि किती हात देणार हे बोलून घ्यावं.

जुन्या दाराचं टेबल, खिडकीच्या चौकटीचा आरसा अशा कल्पना दिसायला सुरेख असतात. सुताराची दिवसाची मजुरी 1,000 ते 1,500, काम किमान दोन दिवसांचं, वर काच आणि पाय. टेबल चार-पाच हजारांवर जातं. दार सागवानी आणि जड असेल तर करावं, देखणं होतं. साध्या लाकडाचं असेल तर नवं टेबल घेतलेलं बरं. खिळे आधी काढून ठेवावेत, करवतीचं पातं खिळ्यावर गेलं की सुतार पात्याचे पैसे लावतो आणि ते योग्यच आहे. लाकडाखाली पिवळसर भुगा पडलेला दिसला तर कीड आत आहे. ते लाकूड घरातल्या इतर फर्निचरजवळ एक रात्रही ठेवू नये. वेताची खुर्ची पुन्हा विणायला आकारानुसार 600 ते 1,500.

भंगार आणि जे भंगारात देऊ नये

रद्दी 12 ते 18, लोखंड 25 ते 35 रुपये किलो. काट्यावर वैधमापन विभागाचा चालू वर्षाचा शिक्का असावा. तो नसेल किंवा शंका आली तर एक लिटरची सीलबंद पाण्याची बाटली काट्यावर ठेवावी. ती किलोपेक्षा जरा जास्त, साधारण वीस-पंचवीस ग्रॅम वर, दाखवली पाहिजे.

विकण्याइतकं नसलेलं कोरडं सामान, दुधाच्या पिशव्या, पुठ्ठे, बाटल्या, कचरावेचक ताईंना स्वच्छ आणि वेगळं करून द्यावं. पुण्यात 1993 साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली ती याच कामगारांची संघटना, आणि त्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था आली. घरोघरच्या मासिक शुल्काइतकीच सुक्या मालाच्या विक्रीवर त्यांची कमाई अवलंबून असते. भाजीच्या रसात भिजलेला पुठ्ठा विकला जात नाही, हे डबा भरताना लक्षात ठेवावं.

जुना डब्यासारखा टीव्ही, ट्यूबलाइट, सीएफएल दिवे, पाऱ्याचा थर्मामीटर भंगारवाल्याला देऊ नयेत. टीव्हीच्या काचेत शिसं असतं, दिव्यांत पारा. तांब्याच्या तारेसाठी टीव्ही फोडले जातात आणि विष फोडणाऱ्याच्या अंगात जातं. 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी उत्पादक कंपन्यांवर टीव्ही आणि दिव्यांच्या पुनर्चक्रीकरणाची जबाबदारी टाकली आहे. कंपनीच्या ग्राहक सेवेकडे जुना माल उचलायची मागणी करावी, किंवा महापालिकेच्या ई-कचरा संकलनाच्या दिवशी द्यावा. पैसे फारसे मिळणार नाहीत. इन्व्हर्टरची बॅटरी मात्र नव्या बॅटरीच्या दुकानातच द्यावी, दीडशे एएचच्या बॅटरीला अडीच ते चार हजारांची सूट मिळते. सूट बिलावर लिहून घ्यावी.

कामं द्यायची वेळही खर्चात मोजावी. पॉलिशवाले आणि सुतार दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत हाती लागत नाहीत आणि तेव्हा दरही चढे असतात. गाद्या होळीनंतर, कडक उन्हात पिंजाव्यात; पावसाळ्यात पिंजलेला कापूस ओल धरतो. गोधडी थंडीत हवी असेल तर साड्या श्रावणातच नेऊन द्याव्यात.