आधी दिवे पाहा, मग दुकान गाठा

‘मॉडेम गेला’ हा निकाल फार लवकर दिला जातो. तो देणाऱ्याची पुढची तपासणी टळते आणि ऐकणाऱ्याच्या खिशाला चाट बसते. मे महिन्याच्या अखेरीस आमच्या घरी हेच घडलं.

त्या दिवसांत पनवेलला दुपारनंतर माथेरानच्या बाजूनं ढग चढून येतात. गडगडाट सुरू होतो, लाइट जाते, येते, पुन्हा जाते. अशाच एका संध्याकाळी इंटरनेट बंद पडलं. मुलगी घरूनच ऑफिसचं काम करते, दुसऱ्या दिवशी सकाळी तिची महत्त्वाची मीटिंग होती. मदत केंद्राला फोन लावला. पलीकडच्या मुलानं दोन-तीन प्रश्न विचारले आणि सांगून टाकलं, “मॉडेम जळालाय, नवीन घ्यावा लागेल.” मला ते पटेना. मॉडेमचे दिवे पेटत होते, थोड्या वेळानं सगळे एकदम विझत होते आणि परत पहिल्यापासून पेटत होते. जळालेलं यंत्र असं पुन्हा पुन्हा सुरू होत नाही. त्याला वीज पुरी पडत नसणार, असं वाटलं.

अ‍ॅडॉप्टरवर 12 व्होल्ट, 1 अँपिअर असं छापलेलं होतं. शेजारच्या वहिनींकडे त्याच बनावटीचा मॉडेम आहे. त्यांचा अ‍ॅडॉप्टर आणून लावला आणि मॉडेम रात्रभर न अडखळता चालला. नवा अ‍ॅडॉप्टर पनवेलच्या बाजारात दोन-तीनशे रुपयांत मिळाला. विजेच्या सततच्या ये-जा करण्यानं आणि उष्णतेनं अ‍ॅडॉप्टरमधला कपॅसिटर अशक्त होतो. नुसत्या मीटरवर तो पूर्ण 12 व्होल्ट दाखवतो, पण मॉडेमचा भार पडला की दाब खाली येतो. म्हणून ‘मीटरवर बरोबर दाखवतंय’ एवढ्यावर विश्वास ठेवू नका, दुसरा अ‍ॅडॉप्टर लावूनच पाहा. मात्र व्होल्ट तंतोतंत तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त हवेत आणि पिनचं अधिक-उणे जुळायला हवं. 9 व्होल्टच्या मॉडेमला 12 चा अ‍ॅडॉप्टर लावला तर जो मॉडेम गेला नव्हता तोही जाऊ शकतो.

पावसाळ्यात दुसराच प्रकार. या वेळी ‘एलओएस’ नावाचा दिवा लाल झाला. फायबरच्या जोडणीत त्याचा अर्थ एकच, बाहेरून येणारा प्रकाश मॉडेमपर्यंत पोचत नाही. अशा वेळी मॉडेम कितीही वेळा बंद-चालू करा, उपयोग शून्य. वायर खिडकीपर्यंत तपासत गेले. कबुतरांची जाळी बसवायला आलेल्या माणसांनी ती चौकटीत दाबून काटकोनात वळवली होती. फायबरच्या आत केसाएवढी बारीक काच असते. तीव्र वळण मिळालं की प्रकाश बाहेर सांडतो. वायर अलगद मोकळी करून मोठ्या गोलाईत फिरवली आणि दिवा हिरवा झाला. आतली काच मोडलेलीच असती तर मात्र स्प्लाइसिंगचं, म्हणजे काच सांधण्याचं, यंत्र घेऊन माणूसच यावा लागला असता. असा माणूस आला की त्याच्या मीटरवरचा आकडा जरूर विचारा. घरगुती जोडणीत प्रकाश उणे 27 डीबीएमच्या आसपास किंवा त्याखाली गेला असेल, तर आज नेट सुरू करून दिलं तरी ते पुन्हा अडखळणार. आणि एक कळकळीनं सांगते, वायर काढून तिच्या टोकात डोळा लावून ‘उजेड येतोय का’ हे कधीही पाहू नका. तो लेझर डोळ्याला दिसत नाही, पण इजा करू शकतो. लहान मुलांनाही हे सांगून ठेवा.

ज्यांच्याकडे अजून तांब्याच्या टेलिफोन लाइनवरचा ब्रॉडबँड आहे, त्यांनी आधी फोन कानाला लावावा. खरखर ऐकू आली तर दोष लाइनमध्ये आहे. खाडीजवळच्या दमट हवेत जॉइंट गंजतात आणि पाऊस सुरू झाला की खरखर वाढते.

दिवे सगळे ठीक आहेत तरी नेट नाही, असंही होतं. मोबाइलवर वायफाय चालतंय आणि फक्त लॅपटॉपवर नाही, तर मॉडेम निर्दोष आहे, लॅपटॉपकडे पाहा. कुठेच चालत नसेल तर लॅन केबलनं लॅपटॉप थेट जोडा. केबलवर चालू झालं तर बिघाड वायफायपुरता आहे. लॅपटॉपचा आयपी पत्ता 169.254 नं सुरू होत असेल, तर त्याला मॉडेमकडून पत्ताच मिळालेला नाही. मग केबल बदलून आणि मॉडेम बंद-चालू करून पाहावं.

बंद-चालू करणं आणि रीसेट करणं यांत मात्र जमीन-अस्मानाचा फरक आहे. आमच्या नात्यातल्या एका घरी उत्साही भाच्यानं टाचणीनं मागचं छोटं बटण दाबून धरलं. कंपनीनं भरलेलं युजरनेम, पासवर्ड, सगळी मांडणी पुसली गेली. मूळ बिघाड बाहेरच्या वायरमध्ये होता. ती दुरुस्त झाल्यावरही कंपनीचा माणूस येऊन सगळं भरेपर्यंत घर नेटविना राहिलं. ते बटण शेवटचा उपाय म्हणूनही स्वतःहून दाबू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

सगळ्यात मोठं नुकसान यंत्राच्या बाहेर होऊ शकतं. आमच्या ओळखीच्या एका निवृत्त काकांनी नेट बंद पडल्यावर मोबाइलवर कंपनीचा नंबर शोधला. वर दिसला तो भामट्याचा निघाला. ‘तक्रार नोंदवायला 10 रुपये भरा’ म्हणत त्यानं स्क्रीन दाखवणारं अ‍ॅप टाकायला लावलं आणि खात्यातली रक्कम काढून घेतली. अशा अ‍ॅपच्या गैरवापराबद्दल रिझर्व्ह बँकेनं 2019 मध्येच बँकांना सावध केलं होतं. मदत केंद्राचा नंबर बिलावरूनच घ्या. फसवणूक झालीच, तर लाजत बसू नका, त्याच क्षणी 1930 या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनला फोन करा. पैसे पुढे सरकण्याआधी अडवण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच सर्वाधिक असते.

कंपनीकडे तक्रार केल्यावर तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. दाद मिळाली नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे विनाशुल्क अपील करता येतं आणि तिथे हा क्रमांक लागतो.

विजा कडाडू लागल्या की मॉडेमचा प्लग काढून ठेवा, लॅन केबलही काढा. काच वीज वाहून नेत नाही, पण वायरला आधार म्हणून असलेली पोलादी तार आणि घरातली लॅन केबल नेऊ शकते. नुसतं बटण बंद केल्यानं पूर्ण संरक्षण मिळत नाही.

आणि आज, नेट व्यवस्थित चालू असतानाच, मॉडेमच्या पेटलेल्या दिव्यांचा आणि पाठीवरच्या लेबलचा एकेक फोटो काढून ठेवा. बिलावरचा ग्राहक क्रमांक आणि मदत केंद्राचा नंबर एका कागदावर लिहून तो मॉडेमशेजारी भिंतीला चिकटवा. घरात ज्येष्ठ माणसं एकटी राहत असतील, तर त्यांच्यासाठी हे काम तुम्ही स्वतः जाऊन करा.