किल्लीचा दोष

एखादे यंत्र बिघडले, की माणसाच्या तोंडून दोनपैकी एक प्रश्न निघतो. कोणी विचारतो, “हे कोणी बिघडवले?” कोणी विचारतो, “हे कशाने बिघडले?” पहिल्या प्रश्नाचे उत्तर चटकन मिळते, कारण जवळ असलेल्या कोणावरही बोट ठेवता येते. दुसऱ्याचे उत्तर मात्र शोधावे लागते. मी तीस वर्षे मुलांना दुसरा प्रश्न विचारण्यास शिकवले आणि एके दिवशी स्वतः पहिलाच प्रश्न विचारून बसलो. ती हकीकत तुम्हांला सांगतो.

निवृत्त झाल्यापासून मी वाईस राहतो. सातवीत शिकणारी माझी नात आमच्याजवळच असते. तिचे वडील नोकरीनिमित्त पुण्यास असतात. फाल्गुनातील एका बुधवारी सकाळी दहा वाजता आम्हांस साताऱ्यास पोहोचावयाचे होते. नातीच्या आजीच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला होता आणि डॉक्टरांनी त्याच दिवशीची वेळ दिली होती. आम्ही आठच्या सुमारास गाडीपाशी आलो. मी किल्लीवरचे बटण दाबले. दार उघडले नाही. पुन्हा दाबले, हात लांब करून दाबले, गाडीस टेकवून दाबले. पण किल्लीवरचा इवलासा तांबडा दिवाही लागेना.

तेवढ्यात मला आठवले, की आठच दिवसांपूर्वी मेणवलीच्या घाटावर ही किल्ली नातीच्या हातून निसटून पाण्यात पडली होती. “तूच ही बिघडवलीस!” मी ओरडलो. “आता आजीचे डोळे कसे दाखवायचे?” पोर काही बोलली नाही. तिचे डोळे मात्र भरून आले.

“अहो,” तिची आजी म्हणाली, “किल्ली किल्लीसारखी वापरून तर पाहा!”

मी ओशाळलो. वर्षानुवर्षे बटण दाबण्याची सवय झाल्यामुळे, त्याच किल्लीला धातूचे पाते आहे आणि दाराला भोकही आहे, हे मी घाईत विसरूनच गेलो होतो. पाते भोकात घालून फिरवताच दार उघडले. पण त्याबरोबर गाडीचा भोंगा जोरजोराने वाजू लागला आणि शेजारी धावत आले. बटण न दाबता कोणी दार उघडले, तर तो चोर असावा असे समजण्याची त्या गाडीची रीत होती. आत बसून किल्ली फिरवली, तेव्हा भोंगा थांबला आणि गाडी सुरू झाली. आम्ही वेळेवर साताऱ्यास पोहोचलो.

बटण चालत नसताना गाडी सुरू कशी झाली, असा प्रश्न तुम्हांला पडला असेल. याचे कारण असे, की अशा एका किल्लीत दोन निरनिराळी कामे करणारी यंत्रणा असते. एक दार उघडणारी. तिला सेल लागतो. दुसरी गाडीला किल्लीची ओळख पटवणारी. तिला सेल लागत नाही. किल्ली जेथे फिरवतात, तेथे तारेचे एक वेटोळे असते. त्याच्या चुंबकीय क्षेत्रातून किल्लीतील सूक्ष्म वेटोळ्यास थोडी वीज मिळते, आणि तेवढ्या विजेवर किल्ली आपली खूण गाडीला सांगते. ती खूण पटली, तरच गाडी सुरू होते. ज्या गाड्यांत किल्ली न फिरवता केवळ बटण दाबावे लागते, त्यांतही किल्लीच्या पोटात बहुधा एक धातूचे पाते दडवलेले असते, आणि सेल संपल्यास कित्येक गाड्यांत किल्ली त्या बटणाला टेकवून गाडी सुरू करता येते.

परत येताना घड्याळजीच्या दुकानातून मी नवा सेल घेतला. नाण्यासारखा चपटा असा हा सेल असतो. त्यावर ‘सीआर २०३२’ असे लिहिलेले असते. त्यातील २० म्हणजे व्यास २० मिलिमीटर आणि ३२ म्हणजे जाडी ३.२ मिलिमीटर; त्याचा विद्युत्-दाब ३ व्होल्ट. घरी येऊन मी तो बसवला. तरी दिवा लागला नाही. “पाहिलेस?” मी नातीस म्हणालो. “सेल नवा आहे. म्हणजे आत पाणीच गेले!” माझ्या दृष्टीने खटल्याचा निकाल लागला होता.

तीन दिवस ती पोर माझ्याशी मोजकेच बोलत होती. शनिवारी संध्याकाळी तिचे वडील पुण्याहून आले. त्यांच्याजवळ याच गाडीची दुसरी किल्ली होती. चहा होताच नात म्हणाली, “आजोबा, एक विचारू? बटण दोन-तीनदा दाबल्याशिवाय दार उघडत नाही, अशी तक्रार तुम्ही संक्रांतीलाच केली होती. किल्ली पाण्यात पडली ती महाशिवरात्रीनंतर. मग दोष पाण्याच्या आधीच आला, असे होत नाही का?”

मी निरुत्तर झालो. कारण हे कार्याच्या आधी असावे लागते, हे तर्काचे पहिले सूत्र. ते मीच तिला शिकवले होते.

मग आम्ही क्रमाने शोध घ्यावयाचे ठरवले. प्रथम वडिलांची किल्ली घेऊन ती त्याच जागी उभी राहिली आणि बटण दाबले. दार तत्काळ उघडले. या एका प्रयोगाने अर्धे काम झाले. गाडी, तिची बॅटरी आणि लहरी ग्रहण करणारे यंत्र ही सर्व ठीक असून दोष आमच्या किल्लीतच आहे, हे ठरले.

बटण दाबल्यावर किल्लीतून रेडिओ-लहरी निघतात. आपल्याकडील पुष्कळ गाड्यांच्या किल्ल्यांतून निघणाऱ्या या लहरी सेकंदाला सुमारे ४३ कोटी ३९ लाख वेळा कंप पावतात. त्यांबरोबर एक गुप्त संख्या गाडीकडे जाते. फ्रान्समधील रेनो कंपनीची फ्युएगो ही गाडी १९८२ च्या सुमारास दुरून दार उघडणाऱ्या पहिल्या गाड्यांत गणली जाते. तिची किल्ली दूरचित्रवाणीच्या रिमोटप्रमाणे अवरक्त किरणांवर चाले. पुढे रेडिओ-लहरी आल्या. परंतु संख्या नेहमी एकच राहिली, तर ती चोरून टिपून घेणाऱ्यास दार उघडता येईल. म्हणून दर वेळी संख्या बदलण्याची युक्ती निघाली. दोन मुलांनी एकच गुप्त पाढा पाठ करावा आणि एकाने पुढची संख्या म्हणताच दुसऱ्याने ती ताडून पाहावी, तसे हे असते. गाडी दूर असताना कोणी खेळ म्हणून बटण वारंवार दाबत राहिले, तर किल्ली पाढ्यात फार पुढे जाते, ताळमेळ सुटतो आणि दोघांची जुळणी पुन्हा करून घ्यावी लागते. पण आमच्या किल्लीचा दिवाच लागत नव्हता. तेव्हा ताळमेळाचा प्रश्न दूरच. विजेचा प्रवाहच कोठे तरी अडला असावा, असे अनुमान नातीने काढले.

विज्ञान-प्रदर्शनासाठी आणलेला मल्टिमीटर तिच्याजवळ होता. तिने सेल बाहेर काढून त्याचा दाब मोजला, तो ३.२ व्होल्ट भरला. सेल निर्दोष ठरला. मग किल्लीचे कवच उघडून आतील हिरवी पाटी भिंगाखाली धरली. पाण्याचा डाग नाही, गंज नाही, हिरवट पूट नाही. पाणीही निर्दोष ठरले. शेवटी तिने सेल जागेवर ठेवला आणि काडीने तो अलगद दाबून धरून बटण दाबले. तांबडा दिवा लकाकला! काडी उचलताच तो विझला.

“आजोबा, ही पट्टी पाहा,” ती म्हणाली. सेलच्या खाली धातूची एक लवचीक पट्टी असते. ती वर उचललेली असली, तरच सेलला टेकते आणि विद्युत्-मंडल पूर्ण होते. आमची पट्टी दबून सपाट झाली होती. तिच्याशेजारी ओरखडाही दिसत होता. तो ओरखडा पाहताच मला सारे आठवले. दिवाळीत जुना सेल मीच काढला होता. आणि तो निघत नाही म्हणून जाड स्क्रू-ड्रायव्हर खाली घालून उचकटला होता. तेव्हापासून पट्टी सेलला कधी टेकत होती, कधी नव्हती. किल्ली बिघडवणारा अपराधी मीच होतो.

“पोरी, चूक माझी. आणि तुला बोललो, ती त्याहून मोठी चूक,” मी म्हणालो.

“आधी गाडी उघडते का ते पाहू या, आजोबा,” ती हसून म्हणाली. सेल काढून तिने लाकडी काडीच्या टोकाने पट्टी किंचित वर उचलली, कोरड्या स्वच्छ कापडाने पुसली, सेलची अधिक खूण योग्य बाजूस करून तो बसवला आणि कवच मिटले. अंगणात येऊन बटण दाबताच गाडीचे दिवे लुकलुकले. मी टाळी वाजवली; पण तिचे समाधान झाले नव्हते. “एकदा उघडली म्हणजे दुरुस्त झाली असे नाही,” ती म्हणाली आणि तिने दहा वेळा बटण दाबून पाहिले. दहाही वेळा दार उघडले.

बालमित्रांनो, तुमच्या घरी अशी वेळ आली, तर हाच क्रम धरा. प्रथम दुसरी किल्ली वापरून दोष किल्लीत की गाडीत, ते ठरवा. नंतर सेल पाहा, मग पट्ट्या, मग बटणे. सोपे आधी, अवघड नंतर. आतील डाख सुटला असेल, तर ते काम कुशल कारागिराकडे सोपवा. वडील माणसांना विचारल्याशिवाय किल्ली उघडू नका. आणखी एक गोष्ट कधीही विसरू नका : हा सेल, जुना असो वा नवा, लहान मुलाच्या हाती लागू देऊ नये. तो गिळला गेल्यास अन्ननलिकेस दोन तासांतच गंभीर जखम होऊ शकते. अशा वेळी क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठले पाहिजे.

त्या किल्लीची पट्टी सरळ करण्यास दोन मिनिटे लागली. नातीच्या मनाला मी लावलेला बोल मात्र तीन दिवस तिने सोसला. म्हणून सांगतो, दोष देण्यापूर्वी दोष शोधावा. आणि शोधताना आपला स्वतःचा हात तपासण्यास विसरू नये.

शब्दार्थ
ओशाळणे – लाज वाटणे. निरुत्तर – उत्तर देता न येणारा. कार्य – (येथे) कारणामुळे घडणारी गोष्ट, परिणाम. अनुमान – तर्काने काढलेला निष्कर्ष. विद्युत्-मंडल – वीज वाहण्याचा पूर्ण मार्ग. डाख – धातूचे भाग वितळलेल्या धातूने जोडलेला सांधा. बोल लावणे – दोष देणे.

स्वाध्याय
१. बटण चालत नसतानाही गाडी कशी सुरू झाली, ते तुमच्या शब्दांत सांगा.
२. दोष पाण्यामुळे आला नाही, हे नातीने कोणत्या दोन गोष्टींवरून सिद्ध केले?
३. कारणे लिहा : (अ) किल्लीची गुप्त संख्या दर वेळी बदलते. (आ) नातीने बटण दहा वेळा दाबून पाहिले.
४. वाक्यांत उपयोग करा : निरुत्तर होणे, ताळमेळ सुटणे, बोल लावणे.
५. तुमच्यावर किंवा तुमच्याकडून दुसऱ्यावर विनाकारण आळ आल्याचा एखादा प्रसंग दहा ओळींत लिहा.