न उडालेला बार

चि. प्रवीण यास,
मामाचे अनेक आशीर्वाद.

बार उडवायचा, शॉटफायररचा परवाना मिळाला आणि क्रशरच्या खाणीवर रुजूही झालास, हे ताईकडून कळलं. फार बरं वाटलं. पेढे येतील तेव्हा येतील, त्याआधी चार गोष्टी लिहितो. परीक्षेपुरत्या तू त्या पाठ केल्या असशील. खाणीवर त्या पाळताना कोण आडवं येतं, ते पुस्तकात नसतं.

बार उडाला की सगळे दचकतात. मला धास्ती असते ती न उडालेल्याची. वातीच्या काळात आम्ही कानानं मोजायचो. भरलेल्या बारांपेक्षा एक आवाज कमी आला, की निदान अर्धा तास कुणी जागचं हलायचं नाही. वात आत धुमसत राहते आणि माणूस बघायला वाकला की बार उडतो. कॉर्नवॉलमध्ये विल्यम बिकफर्डनं 1831 साली सुरक्षित वात काढली ती याच दुखण्यावर. आधी पिसाच्या नळीत नाहीतर गवताच्या काडीत दारू भरत, ती कधी झर्रकन जळे, कधी रेंगाळे.

तुझ्या हाती आता बिनविजेची नॉनेल नळी किंवा इलेक्ट्रॉनिक डिटोनेटर असेल. विजेवरचे जुने डिटोनेटर तर 1 एप्रिल 2025 पासून देशात बंदच झाले. पण या नव्या पद्धतीत भोकाभोकांत मिलिसेकंदांचंच अंतर, त्यामुळे कानाला एकच गडगडाट येतो. मोजणी डोळ्यांनी करावी लागते. धूर, धूळ पूर्ण बसली की आधी तू जा, बाकीच्यांना मागे ठेव. दगड कुठे सुटलाच नाही, नळीचं टोक कुठे डोकावतंय, स्फोटकाच्या कांडीचा तुकडा कुठे पडलाय, ते बघ. काही सापडलं तर तिथे झेंडा रोव, पोकलेन थांबव आणि व्यवस्थापकाला बोलाव. नळी ओढायची नाही, भोकाच्या तोंडाची ठासणी उकरायची नाही. जुन्या भोकाचं उरलेलं बूड दिसलं तर त्यात पुन्हा ड्रिल घालू द्यायचं नाही. ड्रिलवाल्याला तो मोह होतोच, कारण तिथे रॉड घसरत नाही. तळाशी बोटभर माल शिल्लक असला तरी त्याचा जीव जायला तेवढा पुरतो.

आपला काळा पाषाण वरून एकसंध दिसतो, पण आत चिरा असतात, मध्येच तांबड्या मातीचा पट्टा लागतो. ड्रिल तिथे सुळकन आत जातं आणि बाहेर येणाऱ्या भुकटीचा रंग बदलतो. ड्रिलवाल्याजवळ उभा राहून ती भोकं टिपून ठेव. त्यांत नेहमीइतका माल भरलास तर सगळा जोर त्या कच्च्या जागेतून निघतो आणि दगड वस्तीपर्यंत जातो. ठासणी अपुरी राहिली तरी तेच. ठासायला लाकडी दांडाच घे. पहार जवळ दिसली तरी दूर नेऊन ठेव. 500 मीटरचा घेर रिकामा झाल्याशिवाय भोंगा नाही. वाटांवर माणसं उभी करशीलच, पण शेळ्या वळणाऱ्या पोराला नकाशात नसलेली एक वाट माहीत असते. ती आदल्या दिवशी त्यालाच विचारून घे.

मे महिन्यात वळवाचे ढग चढले आणि लांब कुठे गडगडलं, की भरणं तिथंच सोडून सगळ्यांना बाहेर काढ. नळी प्लॅस्टिकची असली तरी वीज तिला सोडत नाही.

आणखी एक. ओळखीपाळखीतून कुणीतरी येईल: ‘विहिरीला खडक लागलाय, दोन कांड्या दे.’ माणूस घरचा असला तरी नाही म्हण. उरलेली प्रत्येक कांडी नोंदवहीत चढून स्फोटकांच्या मॅगझिनमध्येच परत गेली पाहिजे. कायद्याची भीती आहेच. पण विहिरीत बार उडाल्यावर तळाशी विषारी वायू साचून राहतो, दोर धरून लगेच उतरणारा तिथेच कोसळतो आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही. तुझ्या दोन कांड्यांनी एका घरातली दोन माणसं जायची.

आता आडवं कोण येतं ते सांगतो. यातला जवळजवळ प्रत्येक नियम वेळ खातो, आणि खाणीवर वेळ मालकाचा असतो. मुकादम म्हणेल, ‘डंपर उभे आहेत, किती बघत बसतोस?’ पहिल्या महिन्यात तू ऐकलंस तर जन्मभर ऐकावं लागेल. म्हणून पहिल्याच आठवड्यात एकदा सगळ्यांदेखत काम थांबव, खरं कारण असेल तेव्हाच. मग पुढे कुणी घाई करणार नाही.

धोका टळल्याचा भोंगा तू स्वतः फिरून आल्याशिवाय वाजता कामा नये, आणि न पाहिलेल्या भोकापुढे सही करू नकोस. मालकानं काढलं तर सरळ घरी ये. दुसरं काम आपण शोधू.

तुझा,
मामा