महामारीत शरीर आणि मन : ताप लपवू नये, भीतीही लपवू नये



महामारीच्या काळात निरोगी कसे राहावे, याविषयी आपण पुष्कळ वाचले असेल. मास्क लावा, हात धुवा, लस घ्या, सकस आहार घ्या, प्राणायाम करा, मन प्रसन्न ठेवा. अशा कितीतरी लेखांचा हिंदीतून मराठीत अनुवाद मी स्वतः केला आहे. (हिंदीतल्या ‘संक्रमण’ला मराठीत ‘संसर्ग’ म्हणायचे, नाहीतर वाचकाला तिळगूळ आठवतो, हे मला तिसऱ्या लेखानंतर कळले.) त्या लेखांतले सांगणे योग्यच असते. पण त्यात शरीराचा एक परिच्छेद असतो आणि मनाचा दुसरा, जणू दोघांची घरे वेगळी आहेत. एप्रिल २०२१ मध्ये आमच्या घरात जे घडले, त्यानंतर मला तसे वाटत नाही. म्हणून आज अनुवाद बाजूला ठेवून थोडे स्वतःचे लिहिते आहे.

आम्ही भिलाईत, सुपेल्याला राहतो. दुर्ग जिल्ह्यात ६ एप्रिल २०२१ पासून लॉकडाऊन लागला आणि पुढे मे महिन्यातही तो वाढत गेला. रविवारी पाय ठेवायला जागा नसते तो सुपेल्याचा बाजार ओस पडला होता. जी. ई. रोडवरून दिवसरात्र रुग्णवाहिकांचे आवाज येत. आमच्या गावच्या पोलाद कारखान्यात तयार झालेला ऑक्सिजन टँकरमधून राज्यात आणि राज्याबाहेर जात होता. ज्या गावाने दुसऱ्यांना श्वास पुरवला, त्याच गावात माझे बाबा चार दिवस आपला ताप लपवून बसले होते.

बाबा तेव्हा ५४ वर्षांचे होते, त्यांना मधुमेह आहे. घसा धरला तेव्हा म्हणाले, “धूळ गेली असेल.” मग गच्चीवरच्या खोलीत झोपायला लागले, कारण म्हणे खाली उकडते. आईला संशय आला तो देवघराच्या फळीवरून. तिथे ठेवलेल्या तापाच्या गोळ्यांची पट्टी रोज दोन-तीन गोळ्यांनी कमी होत होती. विचारल्यावर बाबा चिडले. आपण अगदी ठणठणीत आहोत हे दाखवायला त्यांनी आमच्यासमोर श्वास रोखला आणि बोटांवर दहापर्यंत मोजले. ‘दहा सेकंद श्वास रोखता आला म्हणजे कोरोना नाही’ असा संदेश तेव्हा सगळ्यांच्या मोबाईलवर फिरत होता. तो साफ खोटा आहे. सुरुवातीच्या दिवसांत पुष्कळ रुग्णांना श्वास सहज रोखता येतो.

शेजारच्या काकूंनी ऑक्सिमीटर दिला. आकडा आला ९२. आधी बोट गार असेल म्हटले, हात चोळून पुन्हा लावला. पुन्हा ९२. त्यानंतर डॉक्टरांना फोन, पालथे झोपवणे, खाटेसाठी शोधाशोध, आठ दिवस रुग्णालय. बाबा घरी आले. सगळ्यांचे येत नव्हते, हे मला माहीत आहे.

का लपवले?

बाबांना अज्ञानी म्हणू नका. ते रोज वर्तमानपत्र वाचतात. बरे झाल्यावर एका संध्याकाळी त्यांनी आपणहून सांगितले. त्यांचे तीस वर्षांचे मित्र त्याच आठवड्यात रुग्णालयात गेले होते आणि परत आले नाहीत. शेवटचे दर्शन झाले नाही, दहाव्याला कोणी जमले नाही. “मला वाटले, तपासणी केली की घर सुटले. तपासणीच केली नाही तर काही झालेच नाही.” शिवाय दारावर कागद चिकटेल, दूधवाला यायचा नाही, आईशी कोणी बोलणार नाही, ही भीती वेगळीच.

पाहा, विषाणूने फुप्फुसात आपले काम सुरू केले होते. पण उपचाराचे चार दिवस गेले ते विषाणूमुळे नाही, भीतीमुळे. भीती वाटते यात दोष नाही. ती बोलून न दाखवल्यामुळे तिने औषधाची वाट अडवली.

ही गोष्ट आजची नाही. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळ गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेग ओळखला. पुढच्या वर्षी तो पुण्यात भडकला. ४ फेब्रुवारी १८९७ चा साथरोग कायदा आला, जो २०२० मध्येही वापरला गेला. प्लेग समितीचा प्रमुख रँड याने मार्च ते मे या काळात घराघरांत सैनिक घुसवून झडत्या घेतल्या. रोगी आणि त्याच्या सहवासातले लोक उचलून छावणीत नेले जात, सामान जाळले जाई. परिणाम काय झाला? लोक रोगी लपवू लागले. माळ्यावर, अडगळीत, जिथे जागा मिळेल तिथे. रोग शोधण्यासाठी केलेली सक्ती रोगाला लपायला मदत करत होती. २२ जून १८९७ ला चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या, हा इतिहास आपण शाळेत शिकतो. लपवलेल्या रोग्यांचे पुढे काय झाले असेल, याचा विचार मात्र मी बाबांच्या आजारपणापर्यंत कधी केला नव्हता.

त्याच पुण्यात, त्याच साथीत, सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंतराव यांनी गावाबाहेर हडपसरच्या बाजूला दवाखाना चालवला. सावित्रीबाई रोग्यांकडे स्वतः जात. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवरून दवाखान्यात आणले. त्यातच त्यांना प्लेगचा संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ ला त्यांचे निधन झाले. बूट वाजवत आलेल्या माणसापासून रोगी लपवला जातो, पाठ पुढे करणाऱ्या माणसापासून कशाला लपवतील?

आपल्या काळातले उदाहरण धारावीचे आहे. तिथे पहिला रुग्ण १ एप्रिल २०२० ला सापडला. जेमतेम अडीच चौरस किलोमीटर जागा, आठ-दहा लाख माणसे, बहुतेकांना सार्वजनिक शौचालय. तिथे ‘दोन हातांचे अंतर ठेवा’ असे कोणाला सांगणार? मुंबई महापालिकेने रुग्ण येण्याची वाट न पाहता दारोदार जाऊन ताप आणि ऑक्सिजन तपासला. शाळा, मंगल कार्यालये, क्रीडा संकुल येथे विलगीकरणाची सोय केली, तिथे चहा-जेवण दिले. आणि वस्तीतल्या खासगी डॉक्टरांना बरोबर घेतले. १० जुलै २०२० ला जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी धारावीचे नाव घेऊन कौतुक केले. यामागे पुष्कळ कारणे होती, पण मला सगळ्यात मोलाची वाटते ती ओळखीच्या डॉक्टरची गोष्ट. वर्षानुवर्षे मुलांचा खोकला ज्याला दाखवला, त्याच्यासमोर माणूस खरे बोलतो.

घरात काय करता येईल

आपल्या घरात धारावीचा तो डॉक्टर आपणच व्हायचे आहे. घरातल्या कोणी “अंग मोडून आले आहे” म्हटले की पहिला प्रश्न “कुठे गेला होतास?” असा नको. उलटतपासणी झाली की पुढच्या वेळी माणूस सांगत नाही. आधी पाणी द्या, मग थर्मामीटर.

मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी, हिशेबाची वही हातातली. बाबांच्या आजारात मी एक वही केली. सकाळ, दुपार, रात्र अशा तीन वेळा ताप, नाडी, ऑक्सिजन. चौथ्या रकान्यावर लिहिले ‘मनात काय आहे’. आईने त्यात पहिल्या दिवशी ‘काही नाही’ लिहिले, दुसऱ्या दिवशी ‘झोप नाही’, आणि तिसऱ्या दिवशी पाऊण पान. तेव्हा कळले की घरात रुग्ण एक नव्हता.

ऑक्सिजन ९४ किंवा अधिक असेल तर घरी राहून लक्ष ठेवता येते. त्याखाली गेला तर डॉक्टरांशी बोलायला उशीर नको. महाराष्ट्राच्या आरोग्य विभागाने सांगितलेली सहा मिनिटे चालण्याची चाचणीही उपयोगी आहे. आकडा पाहा, घरातच सपाट जागी नेहमीच्या गतीने सहा मिनिटे चाला (साठीच्या पुढच्यांनी तीन), पुन्हा आकडा पाहा. तो ९३ च्या खाली गेला, आधीपेक्षा तीनहून जास्त उतरला किंवा दम लागला, तर डॉक्टरांना कळवा. ज्यांना बसल्याजागी धाप लागते किंवा दमा आहे, त्यांनी ही चाचणी करू नये. नखांना रंग असेल किंवा बोट थंड असेल तर आकडा चुकतो.

पालथे झोपल्याने ऑक्सिजन सुधारायला मदत होते, पण जेवल्यावर लगेच नाही. गरोदर स्त्रियांनी आणि हृदयाचा गंभीर विकार असलेल्यांनी नाही. स्टेरॉइडची गोळी मनाने कधीच घेऊ नये. मधुमेह असेल तर मुळीच नको. काळ्या बुरशीचे रुग्ण पाहून ही गोष्ट सगळ्यांना कळली असेल.

आता प्राणायामाविषयी, कारण हे साधकांचे पान आहे. प्राणायाम म्हणजे रोगाची चाचणी नाही, आणि ऑक्सिजन सिलिंडरला पर्यायही नाही. ताप किंवा धाप असताना कुंभक, भस्त्रिका, कपालभाती करू नका. मग श्वासाचा उपयोग काय? चार मोजेपर्यंत श्वास आत, सहा मोजेपर्यंत बाहेर, न रोखता, पाच मिनिटे. बाहेर जाणारा श्वास लांबला की हृदयाची धावपळ थोडी उतरते. भीती जात नाही, पण ऑक्सिमीटरमध्ये बोट घालण्याइतका हात स्थिर होतो. मला वाटते एवढे खूप आहे. साधनेने भीती उरलीच नाही असे जे सांगतात त्यांना माझा नमस्कार. आमच्या घरात ती होती.

बातम्या आम्ही दिवसातून एकदाच, संध्याकाळी सात वाजता पाहायचो. रात्री नाही. रोज एका नातेवाईकाला फोन करायचा आणि त्यात कोण गेले याची यादी वाचायची नाही, असे आईने ठरवले. तिने ते तीनदा मोडले, पण नियम उपयोगी पडला.

बरे झाल्यावरही आठवडेच्या आठवडे थकवा राहतो, रडू येते, रात्री दचकून जाग येते. बाबा मित्रासाठी पहिल्यांदा रडले ते घरी आल्यानंतर तीन आठवड्यांनी. त्यांना थांबवू नये असे आम्ही ठरवले. पण दोन आठवडे झोप आणि भूक परत येत नसेल, किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर डॉक्टरांकडे जा. २०२१ मध्ये केंद्र सरकारची ‘किरण’ ही मोफत हेल्पलाईन होती. अशा हेल्पलाईनला फोन करणे ही साधनेतली उणीव समजू नका.

२०२१ च्या नियमाप्रमाणे आजारातून उठल्यावर तीन महिने थांबायचे असल्यामुळे बाबांची लस तेव्हा बाकी होती. आईचा पहिला डोस झाला होता. वही अजून फ्रिजवर आहे. परवा सकाळी भाजी घेऊन आल्यावर बाबा दारातूनच म्हणाले, “घसा जरा खवखवतोय. लिहून ठेव.” लिहिले. ताप नाही, ऑक्सिजन ९८. चौथ्या रकान्यात त्यांनी स्वतः पेन घेऊन लिहिले : ‘थोडी भीती’.