चिलापीची कातडी आणि अण्णांचा पाय

अण्णांच्या तळपायात शेतातला खडा रुतला, ते त्यांना कळलंच नाही. पंधरा वर्षांच्या मधुमेहाने पायाची जाणीव केव्हाच गेली होती. अंथरुणावर डाग दिसला म्हणून आईने पाय उलटा करून पाहिला, तर बोटांच्या मुळाशी रुपयाएवढी जखम. दीड महिना आम्ही घरीच पट्ट्या बदलत राहिलो. अण्णा त्याच पायावर रानात जात-येत होते आणि शुगर तपासायचं कुणी मनावर घेतलं नाही.

अशात मोबाइलवर एक व्हिडिओ आला. ब्राझीलमधले डॉक्टर भाजलेल्या हातावर तिलापिया माशाची कातडी लावत होते. तिलापिया म्हणजे आमच्या उजनी धरणातली चिलापी. भिगवणच्या बाजारातून मी ताजी चिलापी आणली, कातडी सोलून मिठाच्या पाण्यात धुतली आणि जखमेवर बांधली.

"डॉक्टरांना विचारलंस का रे?" आईने विचारलं.

"अगं, डॉक्टरच लावतायत की त्यात," मी म्हणालो.

चौथ्या दिवशी अण्णांना हुडहुडी भरून ताप आला. पट्टी सोडली तर घोट्यापर्यंत लाली चढलेली आणि घाण वास. त्याच रात्री सर्जननी दोन बोटं काढली.

त्यानंतर जे समजून घेतलं, ते आधी समजायला हवं होतं. ब्राझीलच्या फोर्तालेझा शहरात वापरतात ती कातडी बाजारातली नसते. ती जंतुनाशकाने धुतात, ग्लिसरॉलमध्ये मुरवतात, मग किरणोत्साराने निर्जंतुक करतात. शिवाय व्हिडिओतली जखम भाजल्याची होती. मधुमेही पायाची जखम वेगळ्या कारणांनी रेंगाळते: रक्तपुरवठा कमी पडतो, संवेदना नसते आणि चालताना त्याच जागी दाब येत राहतो. ही कारणं तशीच ठेवून वर काहीही बांधलं, तरी खाली जखम वाढतच जाते.

जुन्या जखमांसाठी माशाच्या कातडीचं ड्रेसिंग खरोखरच आहे. आइसलँडची केरेसिस कंपनी ते कॉड माशापासून बनवते. कातडीतल्या पेशी काढून टाकतात, उरते ती कोलॅजनची सच्छिद्र जाळी. त्या जाळीत रुग्णाच्या स्वतःच्या पेशी शिरतात आणि नवं मांस धरू लागतं. युरोपातल्या २५५ मधुमेही रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. १६ आठवड्यांत हे ड्रेसिंग लावलेल्यांपैकी ४४ टक्के रुग्णांची जखम भरली, नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांपैकी २६ टक्के. फरक मोठा आहे. पण कॉडची कातडी लावूनही निम्म्याहून जास्त जखमा तेवढ्या काळात भरल्या नव्हत्या, हेही त्याच आकड्यांत आहे.

म्हणून घरात अशी जखम असेल तर आधी हे करा. पायातला रक्तप्रवाह डॉप्लरने तपासून घ्या. मेलेलं मांस आणि कडेचे घट्टे सर्जनकडूनच काढून घ्या, घरी ब्लेड लावू नका. जखमेवरचा भार काढणारं प्लास्टर किंवा खास बूट मागा आणि तो घरातल्या घरातही वापरा. शुगर आटोक्यात आणा. दर आठवड्याला जखमेचा फोटो शेजारी मोजपट्टी ठेवून काढा. चार आठवड्यांत ती निम्म्याने आक्रसली नाही, तर उपचारांचा फेरविचार करायला सांगा. माशाच्या कातडीचा प्रश्न तिथे येतो. तेव्हा रुग्णाला माशाची अ‍ॅलर्जी असेल तर आवर्जून सांगा, आणि किती ड्रेसिंग लागतील व खर्च किती येईल हे आधीच विचारा. लाली पसरली, वास आला, मांस काळं पडलं किंवा ताप चढला, तर सकाळची वाट पाहू नका.

एक गोष्ट सांगणं मला सर्वांत जड जातं. त्या रात्री दवाखान्यात पहिले दोन तास मी चिलापीचं नावच काढलं नाही. लाज वाटत होती. गोड्या पाण्यातल्या माशांवर एरोमोनाससारखे जंतू असतात आणि नेहमीची काही अँटिबायोटिक्स त्यांना लागू पडत नाहीत. मी बोललो तेव्हा सर्जननी लगेच औषध बदललं. हळद, पाला, तंबाखू, मासा, तुम्ही घरी जखमेवर जे काही लावलं असेल, ते दवाखान्यात पाऊल टाकताच सांगा. डॉक्टर रागावतील, रागावू द्या. माझ्या गप्प राहण्याचे ते दोन तास अण्णांच्या पायाने सोसले.