दामाजीची कोठारे आणि आपला कर

पावसाने दडी मारली होती. पेरण्या वाया गेल्या होत्या. हाताला काम नव्हते. देवळापुढच्या पारावर माणसे चिंता करीत बसली होती.

गावच्या दुकानदाराने निरोप धाडला होता. ज्याच्या घरी दाणा नाही, त्याने दोन पायली ज्वारी घेऊन जावी.

पुतण्या म्हणाला, "आबा, हा खरा धर्म! शेटजींनी आपल्या मनानं दिलं. सरकार मात्र सक्तीनं कर घेतं. कर कशाला हवा? ज्याला दया येईल तो देईल की."

आबा म्हणाले, "शेटजींचं भलं होवो. सरकारचा कागद हलेपर्यंत भूक थांबत नाही. पण पुढच्या महिन्यात त्यांनी नाही दिलं तर?"

"मग काय? त्यांची मर्जी."

"तर मग दामाजीपंतांची गोष्ट ऐक."

मंगळवेढे हे गाव सोलापूर जिल्ह्यात आहे. पंधराव्या शतकात तेथे बेदरच्या बादशहाचा अंमल होता. दामाजीपंत त्याचे अधिकारी होते. मोठा दुष्काळ पडला. माणसे अन्नावाचून मरू लागली. सरकारी कोठारे मात्र भरलेली होती. दामाजीपंतांनी हुकमाची वाट पाहिली नाही. त्यांनी कोठारे उघडली व धान्य वाटले. बादशहा रागावला. त्याने त्यांना पकडून नेले. तेव्हा विठ्ठलाने विठूचे रूप घेऊन दरबारात धान्याचे पैसे भरले, अशी कथा लोक सांगतात.

आबांनी विचारले, "सांग, ते धान्य कोणाचं?"

"बादशहाचं."

"बादशहानं नांगर धरला होता का? रयतेनंच ते सारा म्हणून भरलं होतं. रयतेचं धान्य रयतेला मिळालं. पण त्याला दामाजी लागला, अन् दामाजीला सोडवायला देव लागला. गावोगाव दामाजी कुठून आणायचा?"

आत्या म्हणाली, "बहात्तरच्या दुष्काळात मी दहा वर्षांची होते. आम्ही सुकडी खाऊन दिवस काढले. आई खडी फोडायला जायची. हाताला फोड यायचे. पण ती म्हणायची, ही भीक नाही, माझ्या घामाचा पैसा आहे."

त्या दुष्काळात मे १९७३ मध्ये सुमारे ५० लाख माणसे सरकारी कामांवर होती. पण काम मागण्याचा हक्क कायद्यात नव्हता. सरकारने काम काढले तरच ते मिळे. वि. स. पागे हे तेव्हा विधान परिषदेचे सभापती होते. मागेल त्याला काम मिळावे, असा त्यांचा आग्रह होता. त्यातून रोजगार हमी योजना उभी राहिली.

पैसा कोठून आला? १९७५ साली व्यवसाय कर बसला. नोकरदार, व्यापारी, वकील, डॉक्टर तो भरू लागले. करातून जेवढी रक्कम जमेल, तेवढीच सरकारने आपली घालावी, असे ठरले. मुंबईच्या कारकुनाला आपल्या गावाचे नावही ठाऊक नसेल. पण त्याच्या पगारातल्या चार रुपयांनी खेड्यात बांध पडला, तळे झाले.

१९७७ साली कायदा झाला. २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. काम मागितल्यावर १५ दिवसांत काम द्यावे. न दिल्यास बेकारी भत्ता द्यावा. आता कोणाच्या दयेची वाट पाहायला नको. पुढे २००५ साली साऱ्या देशासाठी रोजगार हमीचा कायदा झाला.

पुतण्या म्हणाला, "पण हजेरीपटावर खोटी नावं घालतात. पगार थकतो. त्याचं काय?"

"खरं आहे. म्हणून तर हिशोब मागायचा. तू साबण घेतोस, काडेपेटी घेतोस, त्यातही कर असतो. तूसुद्धा कर भरतोस. शेटजींना हिशोब विचारता येत नाही, त्यांचं दान आहे. ग्रामसभेत मात्र विचारता येतो. तो पैसा आपला आहे."

त्या दिवशी पारावर दोन गोष्टी ठरल्या. शेटजींची ज्वारी आधी म्हाताऱ्यांना व आजाऱ्यांना द्यावी. ज्यांचे हातपाय धड आहेत, त्यांनी कामासाठी अर्ज करावा.

दुसऱ्या दिवशी सारे ग्रामपंचायतीत गेले. आत्याने अंगठा उठवला नाही. तिने अर्जावर सही केली. मग म्हणाली, "भाऊ, तारखेची पोच द्या. तारीख नसली तर दिवस कसे मोजायचे?"

दान हे मनाचे मोठेपण आहे. ते जरूर करावे. पण ज्याच्यावर गरिबाचे पोट चालते, ते एकट्याच्या मर्जीवर सोडू नये. ते सर्वांनी मिळून भरावे आणि सर्वांनी मिळून राखावे.

शब्दांचे अर्थ
सारा – जमिनीवरचा सरकारी कर
हजेरीपट – कामावर आलेल्यांची यादी
पोच – कागद मिळाल्याची पावती

प्रश्न
१. दामाजीपंतांनी वाटलेले धान्य कोणाचे होते?
२. आत्याने तारखेची पोच का मागितली?
३. तुमच्या गावात दानातून काय झाले? करातून काय झाले? दोन याद्या लिहा.
४. कामाच्या अर्जाचे आजचे नियम ग्रामपंचायतीत विचारा व वहीत लिहा.