कार्बन क्रेडिट : धुराचा सौदा आणि आपला हिशेब

चंद्रपूरकरांना धुराची ओळख करून द्यावी लागत नाही. औष्णिक वीज केंद्र, गडचांदूर-आवारपूर भागातील सिमेंट कारखाने आणि बल्लारपूरची कागद गिरणी आपल्या डोळ्यांसमोर आहेत. या धुराचाही आता बाजार होत आहे. तो कसा, हे आज आपण समजून घेऊ.

केंद्र सरकारने २०२२ साली ऊर्जा संवर्धन कायद्यात दुरुस्ती केली व जून २०२३ मध्ये कार्बन क्रेडिट व्यापार योजना जाहीर केली. ऑक्टोबर २०२५ मध्ये पहिल्या फेरीत सिमेंट, अॅल्युमिनियम, क्लोर-अल्कली आणि कागद या उद्योगांतील मोठ्या कारखान्यांना लक्ष्ये ठरवून देण्यात आली. औष्णिक वीज त्या यादीत नव्हती.

एक उदाहरण घेऊ. आकडे केवळ समजण्यापुरते आहेत. एका सिमेंट कारखान्याला एक टन मालामागे ६०० किलो कार्बन वायूची मर्यादा आहे. त्याने ५८० किलोतच काम भागवले आणि वर्षात १० लाख टन माल काढला. बचत झाली २० हजार टन. एक टनाला एक, याप्रमाणे त्याला २० हजार प्रमाणपत्रे मिळतील. शेजारच्या कारखान्याने तेवढाच माल काढला, पण टनामागे ६१० किलो वायू सोडला. त्याला १० हजार प्रमाणपत्रे विकत घ्यावी लागतील.

येथे एक गोम आहे. मर्यादा टनामागे आहे, एकूण धुरावर नाही. माल दुप्पट निघाला तर प्रमाणपत्रेही मिळतील आणि गावावरचा धूरही वाढेल.

मग आपला संबंध काय? आरा गिरणी, वीटभट्टी किंवा बुरुडकाम करणाऱ्यांवर या योजनेची सक्ती नाही. पण सिमेंटच्या भट्टीत कोळशाऐवजी धानाचे तूस, लाकडाचा भुसा जाळला तर कारखान्याचा हिशेब सुधारतो. असा माल पुरवणाऱ्यांनी काटापावती व बिल जपावे आणि भाव ठरवताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी. मागणी वाढली तर हाच माल वापरणाऱ्या लहान भट्टीवाल्याला तो महागात पडेल, याचीही तयारी हवी.

जंगलाचे तसेच. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ साली बांबू वाहतुकीच्या पासांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. तेव्हापासून तेथील बांबूचा सौदा ग्रामसभेशी होतो. उद्या कोणी जंगलाच्या कार्बनचा करार घेऊन आला तर प्रथम ग्रामसभेचा ठराव मागावा.

आमचे सांगणे एवढेच : ‘तुमच्या झाडांचे क्रेडिट विकून देतो’ म्हणणाऱ्या दलालाला आगाऊ रक्कम देऊ नका. या योजनेची प्रमाणपत्रे ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो देते, तीही नोंदणी, मोजणी आणि तपासणी झाल्यावरच. मोजणीचा खर्च कोण करणार, करार किती वर्षांचा आणि पैसे केव्हा मिळणार, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय कोणत्याही कागदावर सही करू नये. जो माल डोळ्यांना दिसत नाही, त्याचा कागद दोनदा वाचावा.